म्हशीचा चीक, बाईचा स्राव

खरं सांगायचं तर हे मी लिहिणारच नव्हतो. मशीनवर कागद चढवायचा, दोन ओळी बडवायच्या आणि कागद ओढून काढायचा, असं बरेच दिवस चाललं. बाईच्या अंगावरच्या दुधाबद्दल गड्यानं लिहायचं म्हणजे गावात तोंड लपवून फिरायची पाळी. पण राग काही उतरेना. राग उतरत नसला तर माणसानं भांडावं नाहीतर लिहावं. भांडून झालंय.

तर ऐका. केडगावचा मच्छिंद्र. शिकला मराठी चौथी. पुढची शाळा नगरात, आणि एवढ्या लांब पोराला रोज कोण धाडतंय. पण गड्याला अक्षराचं वेड. इंग्रजी शिकला दुकानांच्या पाट्या वाचून, औषधाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून, छावणीतनं रद्दीत येणारी गोऱ्यांची मासिकं वाचून. टायपिंग शिकला एका वकिलाच्या कारकुनाच्या मशीनवर, कारकून दुपारचा जेवायला गेला की. दोन बोटांनी, पण असा धडाधड की शेजारचे म्हणायचे, पत्र्यावर गारा पडतायत. दुसरी मोठी लढाई संपली त्या हिवाळ्यात नगरातल्या एका समितीत तो टायपिस्ट म्हणून लागला. आया आणि लहान मुलं यांच्या भल्याचं काम करणारी समिती. वर्गणी पेठेतल्या शेठ लोकांची, भाषणं पुढाऱ्यांची, आणि अक्कल सगळी चिटणीस राधाकृष्णपंतांची.

पंत माणूस वाईट नव्हता हे आधीच सांगतो, नाहीतर पुढं मी त्यांच्यावर घसरणार आहे. पांढरं स्वच्छ धोतर, डोळ्याला चष्मा, संस्कृतचा गाढा अभ्यास. खेड्यातली तान्ही पोरं आठवड्याच्या आत मरतात याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं. म्हणून त्यांनी एक पत्रक काढायचं ठरवलं. ते सांगत होते, मच्छिंद्र स्टेन्सिलच्या मेणकागदावर उतरवत होता.

“प्रसूत स्त्रीच्या स्तनग्रंथींचा प्रथम स्राव बालकास अवश्य द्यावा. तो वाया दवडू नये.”

मच्छिंद्रची बोटं थांबली. “साहेब, स्राव म्हणजे?”

पंतांना कोणी अर्थ विचारला की ते खुलायचे. त्यांनी चष्मा काढला आणि समजावून सांगितलं. आपल्या अंगात ठिकठिकाणी गाठी असतात, त्यांना ग्रंथी म्हणायचं. ग्रंथी रक्तातून हवं ते उचलते, त्याचं काहीतरी नवीन तयार करते आणि कामाच्या जागी सोडते. ते सोडलेलं द्रव्य म्हणजे स्राव. तोंडातली लाळ हा स्राव. डोळ्यातलं पाणी हा स्राव. आईचं दूध हाही स्रावच. आणि शरीराला नको असलेलं जे बाहेर टाकलं जातं, मूत्र वगैरे, ते वेगळं. तो उत्सर्ग. एक कामाचं, एक टाकाऊ. दोहोंत गफलत करू नये.

मच्छिंद्रला हे फार आवडलं. थुंकी, आसू आणि दूध एका घराण्यातले, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. तो म्हणाला, साहेब, हे असंच लिहू ना, गाठ रक्तातनं उचलते आणि नवीन करून सोडते. पंत म्हणाले, पत्रकात एवढी जागा नाही. मग मच्छिंद्रनं अडचण सांगितली. आमच्या गावात स्राव म्हटलं की बाईच्या अंगावरून जातं तेच समजतात. नाहीतर गळू फुटून वाहतं ते. औषधवाला वैद्य तोच शब्द तसाच वापरतो, रक्तस्राव, पूस्राव. पोराला स्राव पाजा असं छापलं तर लोकांना शिसारी येईल. त्यापेक्षा सरळ चीक लिहावं. पहिल्या दुधाला गावात चीकच म्हणतात, म्हातारीपासून पोरीपर्यंत सगळ्यांना कळतं.

पंत हसले. शेजारच्या टेबलावरचे दोघेही हसले, कारण पंत हसले होते.

“चीक गायीम्हशीचा असतो, मच्छिंद्र. वडाचा असतो, रुईचा असतो. आमच्या स्त्रिया काय म्हशी आहेत?”

“पण लोकांना कळायला...”

“लोकांना शब्द कळत नसेल तर लोकांनी वर यावं. शब्दानं खाली का उतरायचं?”

पगार त्यांच्या सहीनं व्हायचा. मच्छिंद्रनं स्राव टाइप केलं. त्या शब्दाच्या कळा त्यानं इतक्या जोरात मारल्या की स्टेन्सिल फाटली आणि सगळं पान नव्यानं करावं लागलं.

पत्रकांचा गठ्ठा केडगावला आला तो मच्छिंद्रच्याच सायकलवर. चावडीपुढं गुरुजींनी पत्रक मोठ्यानं वाचलं. वाचन चांगलं, खणखणीत. बायाही ओट्याच्या कडेला बसल्या होत्या, आणि त्यांच्यात पुढं छबूबाई. छबूबाई म्हणजे गावाची सुईण. केडगावात चाळिशीच्या आतलं जेवढं माणूस चालतंय बोलतंय, ते बहुतेक तिच्या नाहीतर तिच्या सासूच्या हातात पडलेलं. हिंदूचं घर, मुसलमानाचं घर, तिला सगळी दारं सारखी. अंगानं चिपाड, तोंडानं वस्तरा.

“प्रथम स्राव बालकास अवश्य द्यावा,” गुरुजींनी वाचलं.

बायांनी एकमेकींकडं पाहिलं. छबूबाईनं तोंडातलं पान गालात सरकवलं.

“काय द्यावा म्हनं?”

“स्राव.”

“पोराला?”

“हो. तसं लिहिलंय.”

“आगं बाई. सायबाला म्हनावं, आदी आपल्या नातवाला दे.” आणि मग सगळ्यांकडं वळून, “बगा, आता सरकारी कागदात बी आलंय. म्या तुमाला काय निराळं सांगत हुते? पयल्या तीन दिसांचं दूद न्हवं ते. स्राव हाय. अंगातली घान. म्हनून तर पिळून टाकायची.”

पत्रक समितीचं, सरकारी नव्हे, हे तिला कोणी सांगितलं नाही. आणि पुढचं ‘वाया दवडू नये’ कोणी ऐकलंच नाही. बाया हसत हसत पांगल्या. त्यातल्या दोघीतिघी अशा होत्या की पूर्वी दुसऱ्या दिवशी गुपचूप लेकरू अंगाला लावायच्या. त्यांनीही कानाला खडा लावला. संध्याकाळी वाण्याच्या दुकानात शेंगदाण्याच्या पुड्या पत्रकात बांधून मिळायला लागल्या.

मच्छिंद्रच्या अंगाचा नुसता भडका उडाला. राग छबूबाईचा नव्हताच फारसा. नगरातल्या त्या हसण्याचा होता.

आता इब्राहिम. मच्छिंद्रच्या घराला इब्राहिमचं घर पाठीला पाठ लावून. दोघं एकाच ओढ्यात पोहायला शिकले, एकाच चिंचेवरून पडले. इब्राहिमचा धंदा म्हशींचा. वडलांच्या माघारी गोठा त्यानंच सांभाळला. पहाटे धारा काढायच्या आणि दूध घेऊन नगर गाठायचं. म्हशीच्या बाबतीत सगळं गाव त्याला विचारायचं. कुठली गाभण, कुठली भाकड, कुठली दूध चोरून धरतेय, हे तो नुसता कासेवरून हात फिरवून सांगायचा. घरात त्याची अम्मा, म्हणजे मच्छिंद्रची सकीनाचाची. आणि बायको सरवरी.

सरवरीचं पहिलं लेकरू मुलगा होता. धडधाकट जन्मला, मोठ्यानं रडला. मग त्याला गुळाच्या पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा चोखायला दिला, पोट साफ व्हायला एरंडेल दिलं, आणि अंगावरचा चीक तीन दिवस पिळून परसात बोरीच्या बुडाला ओतला, वर राख. कुत्र्यामुंगीनं चाटलं तर आईचं दूध आटतं म्हणतात, म्हणून राख. चौथ्या दिवशी छातीला लावला तेव्हा त्याच्यात ओढायची ताकद उरली नव्हती. हिरवी पातळ शी, आणि मग संपलंच. लोक म्हणाले दृष्ट. कोणी म्हणालं बाहेरची बाधा. सरवरी त्यानंतर कुणाच्या बारशाला गेली नाही.

मार्गशीर्षात ती पुन्हा बाळंत झाली. मुलगी. आणि योगायोग असा की आदल्या सांजेला इब्राहिमची भुरी म्हैसही व्यालेली.

त्या दिवशी रविवार. मच्छिंद्र इब्राहिमकडं गेला तेव्हा अंगणात दोन कामं शेजारी शेजारी चालली होती. चुलीवर मोठं पातेलं, त्यात पाणी, पाण्यात डबा. डब्यात भुरीचा चीक, गूळ घालून वाफेवर ठेवलेला. सकीनाचाची झाकण उचलून काडी घालून बघत होती, खरवस बसला का. वास अंगणभर. कुंपणापाशी शेजारणी वाट्या घेऊन उभ्या होत्या, कारण चीक कुणी विकत नाही, वाटतात. आणि त्याच वेळी आतल्या खोलीचं तरटाचा पडदा सारून छबूबाई बाहेर आली. तिच्या हातात वाटी. वाटीवर राख. ती शेजारणींच्या मधून गेली, त्यांनी पाय मागं घेतले, पदर नाकाला लावला, आणि तिनं ती वाटी बोरीच्या बुडाला पालथी घातली.

आत पोरगी रडत होती. मांजराच्या पिल्लासारखं, बारीक.

मच्छिंद्रनं ते बघितलं आणि त्याची कानशिलं तापली. एका हातानं चीक वाटतायत, दुसऱ्या हातानं फेकतायत, आणि दोन्हीच्या मध्ये वीतभर चूल.

इब्राहिम गोठ्याच्या दारात काथ्याची दोरी वळत बसला होता. दोरीची गरज नव्हती, हाताला काहीतरी हवं म्हणून. मच्छिंद्र त्याच्यापाशी गेला आणि म्हणाला, सरवरीला म्हण, पोरीला छातीला लाव. इब्राहिमनं मान हलवली. ते बायकांचं. आपण त्यात बोलायचं नसतं. मच्छिंद्र म्हणाला, पहिल्याच्या वेळीही हेच म्हणालास. इब्राहिमचा हात दोरीवर थांबला. मग तो हळू म्हणाला की तुला काय वाटतं, मला त्याची आठवण होत नाही? पण छबूबाईपुढं बोलायचं कुणी. तिचे हात असतात म्हणून बाया सुटतात.

छबूबाईनं ऐकलंच. तिच्या कानाला गावातलं काही चुकत नसे.

“काय रं टायपराव. तुजी किती झाली?”

“काय किती?”

“बाळतपनं.”

शेजारणी फिदीफिदी हसल्या. मच्छिंद्रचं लग्नही झालेलं नव्हतं.

पण गडी पेटला होता. त्यानं पंतांनी सांगितलेलं सगळं सांगायला घेतलं. गाठी असतात, रक्तातनं उचलतात, नवीन तयार करतात, सोडतात. स्राव म्हणजे घाण नव्हे, घाण वेगळी, तिला उत्सर्ग म्हणतात. छबूबाई कंबरेवर हात ठेवून ऐकत राहिली. मच्छिंद्रला वाटलं जमतंय. म्हणून त्यानं दाखला दिला.

“हे बग छबूमावशी. तू आता पान खाल्लंस. तोंडाला पानी सुटलं का न्हाई? त्यो बी स्रावच हाय.”

छबूबाईनं क्षणभर विचार केला. मग बाजूला वळून एक लांब लाल पिचकारी मारली.

“व्हय. आन आपन त्यो थुकतो.”

यावर अंगणातलं कोण हसलं नाही? सकीनाचाचीसुद्धा. मच्छिंद्रचं तोंड कडू झालं. त्याला वाटलं, आपण चुकलो ते इथंच. मी पंतांचाच शब्द घेऊन आलो, आणि तो शब्द इथं चालत नाही हे त्यांना मीच सांगितलं होतं. नाण्यावर मुद्रा कितीही छान असली तरी बाजारात कोणी घेईना तर काय चाटायचंय? आत पोरगी अजून रडत होती. रडणं आता तुटक तुटक येत होतं, मध्ये दम घेत. सकीनाचाचीनं वातीएवढा कापूस गुळाच्या पाण्यात बुडवला आणि आत जायला उठली. दुसऱ्या हातात एरंडेलाची बाटली होती.

मच्छिंद्र गोठ्यात शिरला.

भुरी खुंट्याला उभी होती. रेडकू पुढचे गुडघे मोडून कासेला भिडलं होतं, शेपटी हलत होती, तोंडाला पिवळाधमक फेस. मच्छिंद्रनं त्याच्या गळ्यातली दोरी धरली, त्याला ओढून काढलं आणि गोठ्याच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन बांधलं. रेडकू हंबरलं. भुरीनं मान फिरवली, दावं ताणलं. मच्छिंद्रनं चरवी उचलली आणि तिच्या कासेखाली बसला. त्याला धार काढता येत नव्हती. निम्मं त्याच्या कोपरावरून गळत होतं.

“इब्रा,” त्यानं आतूनच हाक मारली, “राख आन.”

इब्राहिम दारात आला. “काय चाललंय तुजं?”

“ह्यो बी स्राव हाय. बोरीच्या बुडाला वततो.”

“मच्छ्या, उठ. म्हस लाथ मारंल.”

“मारू दे. तीन दिस सगळा पिळून टाकायचा. रेडकाला गुळाचं पानी दिऊ. कापसाचा बोळा करून दिऊ. वाईच एरंडेल पाजू, पोट साफ हुईल.”

“डोस्कं फिरलंय का तुजं? चीक पोटात गेल्याबिगर काळी घान पडत न्हाई त्याची. मरंल त्ये.”

“कोन म्हनतं?”

“कोन म्हनतं काय? माजा बा म्हनायचा. आख्खं गाव म्हनतं. शेंबडं पोर सांगंल.” इब्राहिम आत आला, त्यानं मच्छिंद्रच्या हातातली चरवी हिसकावली, त्याच्या सदऱ्याची गचांडी धरली आणि त्याला उभं केलं. दोघं लहानपणापासून कितीदा भांडले असतील, पण असा हात इब्राहिमनं त्याच्यावर कधी टाकला नव्हता. “जितराबाच्या जिवाशी खेळतूस?”

मच्छिंद्रनं गचांडी सोडवायचा प्रयत्न केला नाही. तो नुसता म्हणाला, “आन तुजी पोरगी?”

इब्राहिमचा हात तसाच राहिला. मुठीत सदरा, आणि तोंडावरचं रक्त उतरत गेलेलं. गोठ्याच्या दाराशी एव्हाना सगळ्या जमल्या होत्या. सकीनाचाची हातात बोळा घेऊन, तिच्यामागं छबूबाई. एकटं रेडकू ओरडत होतं, कारण त्याला कसली भीड नव्हती.

छबूबाईच पहिली बोलली. पण आवाजात मघाची धार नव्हती. “जनावराचं निराळं असतं, इब्राहिमा. जनावराला इटाळ न्हाई. लाज न्हाई. बाईची जात काय म्हस हाय का?”

हेच वाक्य मच्छिंद्रनं नगरात ऐकलं होतं, चष्मेवाल्याच्या तोंडून, शुद्ध भाषेत. त्याला हसावं की रडावं कळेना. जिला एक अक्षर येत नाही ती आणि ज्याला सगळी अक्षरं येतात तो, दोघं एकाच जागी येऊन उभे. बाईला मोठेपणा द्यायचा म्हणून म्हशीला मिळतं तेवढंही तिच्या लेकराला मिळू द्यायचं नाही. हा कसला मोठेपणा? त्याचं तोंड उघडणारच होतं.

पण त्याच्या आधी तरटामागून आवाज आला. सरवरी परक्या गड्यासमोर बोलत नसे. लग्न होऊन आल्यापासून मच्छिंद्रनं तिचा आवाज फार तर कोंबड्यांना हाकताना ऐकला असेल. आवाज थकलेला होता, पण प्रत्येक शब्द वेगळा काढून ठेवल्यासारखा.

“छबूबाई, मला म्हस समजा. आन माजी पोरगी माज्याकडं द्या.”

छबूबाई वळली. “आगं, अजून दोन दिस...”

“त्याला बी असंच दोन दिस म्हनला हुता.”

त्याला म्हणजे कोणाला हे विचारायची गरज कुणाला पडली नाही.

सकीनाचाचीनं हातातल्या बोळ्याकडं बघितलं. ती सासू, घरची मोठी, शेवटचा शब्द तिचा. पहिल्या नातवाच्या तोंडातही तिनंच असा बोळा धरला होता, मांडीवर घेऊन, बिस्मिल्ला म्हणून, जीव लावून. मच्छिंद्रला वाटलं आता ती आपल्याला हाकलून देणार. तिनं एरंडेलाची बाटली इब्राहिमच्या हातात दिली, तरट सारून आत गेली, आणि तरट मागं नीट लावून घेतलं.

आत काय झालं ते मच्छिंद्रला दिसलं नाही. दिसायचं कारणही नव्हतं. थोडी कुजबूज, बाजेची करकर. मग रडणं एकदम थांबलं. मधूनच चुटूचुटू असा आवाज येत होता, आणि सकीनाचाची दख्खनीत काहीतरी म्हणत होती, हळू, लेकराला म्हणतात तसं.

इब्राहिमनं गचांडी सोडली. सरळ गोठ्याच्या टोकाला गेला, रेडकाची दोरी सोडली. रेडकू आईकडं धावलं आणि धडपडत कासेला भिडलं.

छबूबाईनं आपलं बोचकं उचललं. सुईणीला पाचवीला लुगडं-चोळी मिळते, ती घ्यायला ती थांबणार नव्हती. फाटकापाशी ती म्हणाली की आता तुमच्या घरात माझं काय काम, तुमचा टायपराव आहे, पुढचं तोच बघेल. आणि पोरीला काही झालं तर माझं नाव घेऊ नका. ती गेली. शेजारणी खरवस न घेताच तिच्यामागं निघाल्या. गावात सांजेपर्यंत बातमी फिरली की मुसलमानाच्या घरात बाईला म्हशीसारखं पाजायला लावलं, आणि लावणारा कोण तर मच्छिंद्र, ज्याची आई देवाला दिवा लावते.

पोरगी जगली का? जगली. फरीदा नाव ठेवलं. एरंडेलाशिवाय तिची काळी शी पडली आणि इब्राहिमनं ती बातमी मच्छिंद्रला गल्लीत ओरडून सांगितली, लॉटरी लागावी तशी. एका पोरीवरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं. पण एका पोरावरून दृष्ट सिद्ध होते, तेव्हा कुणी विचारत नाही.

मच्छिंद्रनं हे सगळं समितीत पंतांना सांगितलं. त्याला वाटलं, आता तरी. पंतांनी शांतपणे ऐकलं, डोळे भरून आले त्यांचे, खरेच भरून आले. मग म्हणाले, “म्हणजे पत्रकाचा परिणाम झाला तर.”

मच्छिंद्र म्हणाला, पत्रकाचा नाही साहेब, पत्रकामुळं उलट झालं. म्हशीमुळं झालं. पंतांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. विनय चांगला, म्हणाले, पण आपल्या कार्याचं श्रेय म्हशीला देऊ नये. आणि वार्षिक अहवालात एक परिच्छेद घातला, केडगाव येथे आपल्या पत्रकाच्या वाचनाने एका मुस्लिम कुटुंबात जागृती झाली. तो परिच्छेद टाइप करायला मच्छिंद्रलाच बसावं लागलं. काय वाटलं असेल त्याला, तुम्हीच सांगा. मला तर अजून इथं बसून दात खावेसे वाटतात.

त्या आठवड्यात इब्राहिम त्याला रस्त्यातच भेटला, नगरहून परतताना. दोघं सायकली हातात धरून चालत निघाले, कारण बोलायचं होतं. इब्राहिम म्हणाला, छबूबाईकडं जायचंय. तिला लुगडं-चोळी नेऊन द्यायची, मानानं. आणि तू बरोबर ये.

मच्छिंद्र उसळला. कशाला? तिनं वाटी ओतली. तिनं गावभर आपली अब्रू काढली. आधी तिनं येऊन सरवरीची माफी मागावी. आणि तिचं जाऊ दे, नगरातल्या त्या माणसाला कोणी लुगडं नेऊन देतं का? तो तर चुकतो तेही शुद्ध भाषेत. तो बोलत राहिला, रस्त्यावरची बैलगाडी थांबून ऐकायला लागली तरी बोलत राहिला.

इब्राहिमनं सगळं बोलून होऊ दिलं.

“झालं?” तो म्हणाला. “आता माजं ऐक. ह्या महिन्यात गावात आजून तीन बाया बाळतपनाला बसनार हायेत. त्यांच्याकडं कोन जानार? तू? रातीची हाक आली तर तू जानार हायेस का नाळ कापायला?”

मच्छिंद्रनं नाही म्हणून मान हलवली.

“तिच्या हातानं पोर बाहीर येतं. पयल्यांदा कुनाच्या मांडीवर ठिवायचं, ते तीच ठरीवती. आमी दोगं बोललो तर गाव हसंल. ती बोलली तर गाव ऐकंल. अम्मा म्हनली, तिच्याशी मी बोलती. पन तू आलाच पायजेस. तुज्यावर तिचा राग हाय, माज्यावर न्हाई.”

“आन ती म्हनली, टायपराव, आला का नाक घासत?”

“तर घास.”

मच्छिंद्रचा राग होता तिथंच होता, एक कणही कमी झालेला नव्हता. पण त्याला त्या तीन बाया दिसायला लागल्या होत्या, कुठल्या तरी तीन खोल्यांत, तरटामागं. त्यांना राग दाखवून काय उपयोग. त्यानं सायकल थांबवली.

“यील मी,” तो म्हणाला. “पाया पडंन तिच्या. भुईवर बसंन. ती काय वाट्टंल ते बोलू दे, शिव्या दिऊ दे, अम्मा आन तिचं बोलनं संपूस्तवर मी तोंड उगडनार न्हाई. तुला शबूद देतो, इब्रा. एक अक्षर बोलनार न्हाई.”